आराखडा लवकर झाला. वाचलेला वेळ कुणाचा?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर रेडिएशन घ्यायचे ठरले, की रुग्णाचा सीटी स्कॅन होतो आणि ‘आता आठवड्याभराने फोन करू’ असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. घरच्यांना वाटते, यंत्रावर नंबर लागायचा असेल. नंबर लागायचा असतोच. पण त्या दिवसांत आणखी एक काम चालू असते आणि त्याबद्दल रुग्णाला क्वचितच कुणी सांगते. त्याच्या शरीरात किरण कोणत्या बाजूने, किती आणि कसे सोडायचे, याचा आराखडा तयार होत असतो. रुग्णालयातले लोक याला ‘प्लॅनिंग’ म्हणतात. माणसांना ज्याला दिवस लागतात, ते काम आता संगणक फार थोड्या वेळात करू लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने त्याचा गाजावाजाही होतो आहे.

हा वेग स्वागतार्ह आहे. यंत्रे आणि तज्ज्ञ दोन्ही कमी असलेल्या आपल्या देशाला तर तो अधिकच हवा. पण वेग कशासाठी हवा आणि वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडणार, हे आधी ठरवले नाही, तर याच वेगातून नवे धोके उभे राहतील. वेगवान संगणक आणि ढिली तपासणी एकत्र आल्यावर काय होते, हे रेडिएशनच्या इतिहासात नोंदलेले आहे.

अक्रोडाएवढी ग्रंथी, मिलिमीटरचा हिशेब

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. कर्करोगाच्या पेशी मारायला लागणारी किरणांची मात्रा मोठी असते आणि शेजारचे अवयव जेमतेम काही मिलिमीटरवर असतात. मात्रा कमी पडली तर आजार उलटतो. गुदाशयावर जास्त पडली तर शौचावाटे रक्त जाणे, मूत्राशयावर पडली तर वारंवार लघवी, जळजळ, असे त्रास रुग्णाला पुढे वर्षानुवर्षे सोसावे लागू शकतात. त्यामुळे किरणोपचारात यंत्राइतकेच महत्त्व आराखड्याला आहे.

हे मिलिमीटर किती मोलाचे असतात, ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिराज’ या चाचणीत दिसले. ग्रंथीभोवती सुरक्षेसाठी जी जास्तीची कड धरतात, ती सीटीच्या आधारे उपचार घेणाऱ्या गटात ४ मिलिमीटर होती. एमआरआयच्या आधारे उपचार घेणाऱ्या गटात ती २ मिलिमीटरवर आणता आली. उपचारांनंतर लवकर होणारे, औषध घ्यावे लागेल इतपत लघवीचे त्रास पहिल्या गटात ४३ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना झाले, दुसऱ्या गटात २४ टक्क्यांच्या आसपास.

आराखडा करण्याची पूर्वीची रीत सरळ होती. जाणकार माणूस किरणांच्या दिशा ठरवी, संगणक कुठे किती मात्रा पडते ते सांगे, मग पुन्हा थोडी फेरफार. १९८० च्या दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील अँडर्स ब्राह्मे यांनी प्रश्नच उलटा मांडला. कोणत्या अवयवाला किती मात्रा हवी आणि किती नको, ते आधी सांगा. किरण कसे सोडायचे ते गणिताने काढू. आजची सगळी अचूक रेडिओथेरपी या उलट्या प्रश्नावर उभी आहे. शरीराचे दोन-तीन मिलिमीटरचे लाखो ठोकळे कल्पायचे, प्रत्येक किरणझोताचे शेकडो बारीक तुकडे करायचे आणि या सगळ्यांचा मेळ बसेल असे उत्तर शोधायचे. २००८ मध्ये कॅनडातील कार्ल ओटो यांनी यंत्र रुग्णाभोवती फिरत असतानाच झोताचा आकार आणि तीव्रता बदलत राहण्याची पद्धत मांडली. त्यामुळे उपचाराची वेळ कमी झाली, पण गणित आणखी गुंतागुंतीचे झाले.

गणित सेकंदांत, रांग दिवसांची

हे गणित सोडवायचा वेग फार पूर्वीच वाढलेला आहे. विमानांची वेळापत्रके किंवा मालवाहतुकीचे मार्ग ठरवायला जी गणिती शाखा वापरतात, तीच इथे कामाला आली. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्राला २००७ मध्ये त्या शाखेतील मानाचे एडेलमन पारितोषिक मिळाले, ते प्रोस्टेटमध्ये किरणोत्सारी बिया कुठे रोवायच्या याचा आराखडा शस्त्रक्रियागृहातच, तिथल्या तिथे करून देणाऱ्या पद्धतीसाठी. २००९ मध्ये सॅन डिएगो येथील संशोधकांनी व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डावर प्रोस्टेटच्या नऊ झोतांच्या आराखड्याचे गणित २.८ सेकंदांत सोडवून दाखवले.

म्हणजे २००९ मध्येच गणित तीन सेकंदांच्या आत आले होते. मग रुग्णाला अजूनही आठवडाभर का थांबावे लागते?

कारण वेळ गणितात जात नाही. स्कॅनवर एकेका छेदात प्रोस्टेट, मूत्राशय, गुदाशय, मांडीच्या हाडांची डोकी यांच्या सीमा आखाव्या लागतात. ते डॉक्टरांचे डोळे आणि हात मागणारे काम. मग आराखडाकार संगणकाला उद्दिष्टे देतो, आलेले उत्तर पाहतो, उद्दिष्टे बदलतो, पुन्हा चालवतो. डॉक्टर आराखडा पाहून ‘गुदाशय अजून थोडा वाचवा’ म्हणतात, की फाइल परत मागे जाते. शेवटी मेडिकल फिजिसिस्ट हिशेब पडताळतो, पुतळ्यासारख्या साधनावर मोजून यंत्र खरोखर तेवढीच मात्रा देते का हे पाहतो. या प्रत्येक टप्प्यावर फाइल कुणाच्या तरी टेबलावर, म्हणजे आता संगणकात, वाट पाहत पडलेली असते. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

नव्या पिढीची साधने नेमकी याच टप्प्यांना हात घालतात. काही अवयवांच्या सीमा आपोआप आखतात. काही जुन्या रुग्णांच्या मंजूर आराखड्यांवरून शिकून नव्या रुग्णासाठी मात्रेची वाटणी सुचवतात. त्यामुळे ‘करून पाहा, पुन्हा बदला’ हे चक्र तोकडे होते.

टोरंटोच्या प्रयोगाने दिलेले दोन धडे

ही साधने प्रत्यक्षात कशी चालतात, याचा मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला प्रयोग टोरंटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कर्करोग केंद्रात झाला. तो २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या प्रत्येक रुग्णासाठी एक आराखडा माणसांनी केला, एक संगणकाने. कोणता कुणाचा, हे डॉक्टरांना सांगितले नाही. आधी ५० जुन्या रुग्णांच्या नोंदींवर ही परीक्षा झाली. मग ५० प्रत्यक्ष रुग्णांवर. या दुसऱ्या टप्प्यात डॉक्टर जो आराखडा निवडतील, तोच रुग्णाला दिला जाणार होता.

निकाल थक्क करणारा होता. संगणकाचे ८९ टक्के आराखडे उपचारांना योग्य ठरले. समोरासमोर तुलनेत ७२ टक्के वेळा डॉक्टरांनी संगणकाचाच निवडला. स्कॅनपासून पुढच्या संपूर्ण नियोजनाला लागणारा मध्यक वेळ ११८ तासांवरून ४७ तासांवर आला. बातम्यांमध्ये एवढेच आले आणि ते खोटे नव्हते.

पण त्याच निबंधात आणखी दोन आकडे आहेत. जुन्या नोंदींवर परीक्षा चालली होती, तेव्हा डॉक्टरांनी ८३ टक्के वेळा संगणकाचा आराखडा पसंत केला होता. खरा रुग्ण समोर आला, तेव्हा हे प्रमाण ६१ टक्क्यांवर घसरले. डॉक्टरांना आताही कोणता आराखडा कुणाचा हे ठाऊक नव्हते. संगणक एकाएकी बिघडला असेही नाही. त्याचे योग्य ठरलेले आराखडे ९२ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर आले, हा फरक किरकोळ होता. बदलली ती परिस्थिती. आपण निवडू ते उद्या एका माणसाच्या शरीरात जाणार आहे, हे कळल्यावर निवड बदलली. संशोधकांनीही हाच निष्कर्ष काढला: कागदावरच्या परीक्षेतले गुण म्हणजे वॉर्डातली पसंती नव्हे.

मला यातून दोन धडे दिसतात. पहिला असा, की कोणत्याही कंपनीचा माणूस ‘आमच्या साधनाला तज्ज्ञांनी इतके टक्के गुण दिले’ असे सांगू लागला, तर पहिला प्रश्न विचारावा: ते गुण जुन्या नोंदींवर मिळाले, की खऱ्या रुग्णांवर? दुसरा धडा त्या ४७ तासांत आहे. आराखडा संगणकाने केला तरी जवळजवळ दोन दिवस लागलेच. हे दोन दिवस म्हणजे डॉक्टरांचे पाहणे, पडताळणी, मंजुरी आणि मधली वाट पाहणे. त्यातली वाट पाहणे जरूर कापा. पाहणे आणि पडताळणे मात्र कापायचे नाही.

घाई नेमकी कुणाला?

इथे एक अडचणीचे सत्य सांगायला हवे. ग्रंथीपुरता मर्यादित असलेला प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेकदा सावकाश वाढतो. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत पीएसए तपासणीतून लवकर सापडलेला आजार असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते. एका गटावर फक्त लक्ष ठेवले, एकाची शस्त्रक्रिया केली, एकाला रेडिएशन दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निकालात तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच होते. अशा रुग्णासाठी आराखडा दोन दिवस आधी झाला काय नि नंतर झाला काय, जीव त्यावर अवलंबून नसतो.

म्हणून ‘जलद नियोजनाने प्राण वाचतील’ या छापाची जाहिरात ऐकली की मला शंका येते. उलट भीती अशी, की उपचार इतका सोपा आणि झटपट झाला की ज्यांना तूर्त उपचारच नकोत, अशांनाही यंत्राखाली नेण्याचा मोह वाढेल. यंत्राचे हप्ते रिकाम्या टेबलावर फिटत नाहीत.

मग वेग हवा कुठे? मला तीन ठिकाणे दिसतात.

एक, उपचाराच्या टेबलावरच. मूत्राशय रोज सारखेच भरलेले नसते. गुदाशयात कधी वायू असतो. प्रोस्टेट काही मिलिमीटर सरकते. आठवड्यापूर्वीच्या स्कॅनवर बेतलेला आराखडा आजच्या शरीराला चपखल बसेलच असे नाही. एमआरआय जोडलेल्या नव्या यंत्रांवर रुग्ण टेबलावर असतानाच चित्र घेऊन त्या दिवसापुरता आराखडा नव्याने बेतता येतो. तिथे मात्र मिनिटामिनिटाला किंमत आहे, कारण आराखडा होईपर्यंत मूत्राशय भरतच असते.

दोन, जिथे प्रत्येक चूक महाग आहे तिथे. पूर्वी प्रोस्टेटचे रेडिएशन ३७ किंवा ३९ दिवसांचे असे. ब्रिटनमधील ‘चिप’ चाचणीने २०१६ मध्ये दाखवले, की ३७ ऐवजी २० सत्रे पुरतात. ‘पेस-बी’ चाचणीचे २०२४ मधले निकाल सांगतात, की कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांना पाच सत्रेही पुरतात. पाच वर्षांनी आजार काबूत राहिलेल्यांचे प्रमाण पाच सत्रांच्या गटात ९५.८ टक्के आणि जुन्या पद्धतीच्या गटात ९४.६ टक्के होते. जालना किंवा गडचिरोलीहून परळला येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबासाठी ३७ ऐवजी पाच ही केवढी मोठी सुटका आहे, हे त्यांनाच विचारावे. आराखड्यातले दोन-तीन दिवस वाचण्याशी तिची तुलनाच होत नाही. पण पाचांतले एक सत्र चुकले, तर उपचाराचा पाचवा हिस्सा चुकला. सदतीसातले एक चुकले, तर सदतिसावा. सत्रे कमी झाली की आराखडा अधिक चांगला असावा लागतो. संगणकाने वाचवलेला वेळ आराखडा अधिक चांगला करण्यात घातला, तरच ही सुटका सुरक्षित ठरते.

तीन, जिथे माणसेच कमी आहेत तिथे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ‘पॉप-आरटी’ चाचणीने जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांमध्ये प्रोस्टेटपुरते रेडिएशन आणि ओटीपोटातील लसिका गाठींसह रेडिएशन यांची तुलना केली. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा वाढला नाही असे रुग्ण पहिल्या गटात ८१.२ टक्के, दुसऱ्या गटात ९५ टक्के निघाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाची जगभर दखल घेतली गेली. पण गाठींचा भाग उपचारात घेतला की आतडी आड येतात, सीमा आखण्याचे काम वाढते, आराखडा कठीण होतो. परळला हे होईल. एकच फिजिसिस्ट असलेल्या जिल्ह्याच्या केंद्रात, दिवसाला साठ रुग्ण रांगेत असताना, कसे होणार? तिथे संगणकाची मदत ही चैन नाही.

आपल्याकडे गरज मोठी

‘लॅन्सेट’च्या प्रोस्टेट कर्करोग आयोगाने २०२४ मध्ये अंदाज वर्तवला, की २०२० मध्ये जगात वर्षाला १४ लाख असलेले नवे रुग्ण २०४० पर्यंत २९ लाख होतील. कारण साधे आहे: पुरुष अधिक जगू लागले आहेत. ही वाढ श्रीमंत देशांपेक्षा आपल्यासारख्या देशांत जास्त जाणवणार आहे. दहा लाख लोकांमागे किमान एक रेडिएशन यंत्र असावे, या नेहमी दिल्या जाणाऱ्या मापदंडापासून भारत अजून बराच दूर आहे. आणि यंत्र विकत घेता येते; ते चालवणारी माणसे घडवायला वर्षे लागतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६२ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम चालवून देशाला फिजिसिस्ट पुरवले, पण गरज त्या वेगाने भागत नाही.

म्हणूनच या साधनांची परीक्षा इथेच, आपल्या रुग्णांवर व्हायला हवी. तसा प्रयत्न सुरूही झाला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकाराने आखलेल्या ‘आर्चरी’ या अभ्यासात भारत, जॉर्डन, मलेशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील रुग्णालये आहेत. प्रोस्टेट, गर्भाशयमुख आणि डोके-मान यांच्या कर्करोगांसाठी संगणकाने केलेले आराखडे तज्ज्ञांना कितपत मान्य होतात, हे त्यात पाहिले जाते. साधन ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात तयार झालेले आहे. परदेशी नोंदींवर शिकलेला संगणक आपल्या रुग्णाला कसा लागू पडतो, हे असे तपासूनच कळेल, माहितीपत्रकावरून नव्हे.

पनामा आणि एपिनाल विसरता येणार नाहीत

यावर काही डॉक्टर म्हणतात, इतकी जोखीम असेल तर संगणकाला हात लावू देऊच नका. हे मला पटत नाही. माणसाचा आराखडा म्हणजे सोन्याचा मापदंड नव्हे. एकाच स्कॅनवर दोन डॉक्टरांनी आखलेल्या प्रोस्टेटच्या सीमा वेगळ्या निघतात. शनिवारी संध्याकाळी थकलेला आराखडाकार ‘आता पुरे’ म्हणून थांबतो, तो आराखडा चालणारा असतो, उत्तम असेलच असे नाही. संगणक थकत नाही. सातत्य ही त्याची खरी कमाई आहे.

पण सातत्य चुकीचेही असू शकते. माणूस चुकला तर बहुधा एका रुग्णाबाबत चुकतो. प्रणाली चुकली की ती प्रत्येकाबाबत तीच चूक इमानेइतबारे करत राहते. २०००-०१ मध्ये पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची माहिती नियोजन संगणकात वेगळ्या प्रकारे भरली गेली. संगणकाने तक्रार केली नाही. उपचाराची वेळ मात्र चुकीची, हव्या त्याच्या जवळपास दुप्पट काढून दिली. आलेला आकडा हाताने ताडून पाहण्याची पद्धत तिथे पाळली गेली नाही. २८ रुग्णांना जादा मात्रा मिळाली. त्यांतले बरेच जण ओटीपोटातील कर्करोगाचे होते आणि काहींचा त्यात मृत्यू झाला.

फ्रान्समधील एपिनालची घटना तर थेट प्रोस्टेटच्या रुग्णांची. २००४-०५ मध्ये तिथल्या रुग्णालयाने नवी उपचारपद्धत सुरू केली. सॉफ्टवेअर इंग्रजीत होते. फ्रेंच भाषेतले मार्गदर्शक पुस्तक वापरणाऱ्यांकडे नव्हते. पडद्यावरचा एक पर्याय चुकीचा निवडला जात राहिला. मात्रा ताडून पाहण्याची जुनी रीत नव्या पद्धतीला लागू पडत नव्हती, म्हणून ती बाजूला पडली होती. दोन डझनांच्या आसपास रुग्णांना ठरल्यापेक्षा बरीच जास्त मात्रा मिळाली, काही दगावले. पुढच्या चौकशीत इतर कारणांनी जादा मात्रा मिळालेले आणखी शेकडो रुग्ण उघडकीस आले. २०१३ मध्ये न्यायालयाने दोन डॉक्टर आणि एक फिजिसिस्ट यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

दोन्ही ठिकाणी संगणक बिघडला नव्हता. त्याला जे सांगितले, ते त्याने केले. सुटली ती त्याच्यावरची नजर. आणि संगणक जितका चांगला, तितकी ही नजर सुटण्याची शक्यता अधिक. सलग पन्नास आराखडे निर्दोष आले, की एक्कावन्नावा पाहताना डोळा सैलावतो. नेमका त्याच रुग्णाच्या खुब्यात धातूचा सांधा असतो, स्कॅनवर त्याच्या रेघोट्या उमटलेल्या असतात आणि आपोआप आखलेली सीमा भलतीकडे गेलेली असते. वय झालेल्या पुरुषांच्या या आजारात असे रुग्ण दुर्मीळ नाहीत.

हिशेब मागायला हवा

म्हणून काही गोष्टी आपण आत्ताच मागायला हव्यात.

पहिली, वाचलेल्या तासांचा हिशेब. एखाद्या केंद्राने असे साधन घेतले, तर वाचलेल्या वेळेचा ठरावीक हिस्सा पडताळणीला आणि रुग्णाशी बोलायला राखून ठेवला पाहिजे. नाही तर व्यवस्थापन ‘आता दोन फिजिसिस्ट कशाला, एक पुरे’ असे म्हणेल आणि वेगाचा सगळा फायदा खर्चकपातीत जिरेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमध्ये रेडिएशनचे पॅकेज उपचाराच्या प्रकारावर ठरते. तपासणीत घातलेल्या वेळेला त्यात मोल नसेल, तर तो वेळ सर्वांत आधी कापला जाईल. पॅकेजचे दर ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरी, स्वतंत्र पडताळणी. ज्या प्रणालीने आराखडा केला, तिनेच तो तपासला तर तो विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखा प्रकार झाला. मात्रेचा हिशेब वेगळ्या साधनाने आणि सीमा माणसाच्या डोळ्याने, प्रत्येक रुग्णामागे, अपवाद न करता तपासायलाच हव्यात. अणुऊर्जा नियामक मंडळ यंत्रे आणि मनुष्यबळाबाबत नियम घालून देतेच. आपोआप होणाऱ्या नियोजनासाठीही स्पष्ट नियम हवेत.

तिसरी, नाकारलेल्या आराखड्यांची नोंद. संगणकाचे किती आराखडे डॉक्टरांनी परत पाठवले आणि का, हे प्रत्येक केंद्राने लिहून ठेवावे. ज्या केंद्रात वर्षभरात एकही आराखडा नाकारला गेला नाही, तिथे संगणक फार चांगला आहे असे नसून कुणी पाहतच नाही, अशी शंका आधी घ्यावी.

चौथी, एकत्रित खरेदी आणि एकत्रित तपासणी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभा राहिलेला नॅशनल कॅन्सर ग्रिड आज देशभरातील शेकडो संस्थांना जोडतो आणि औषधांची एकत्रित खरेदीही करतो. नियोजनाची साधने त्याच वाटेने घेतली तर लहान केंद्रांना परवडतील. शिवाय अवघड आराखडा मोठ्या केंद्रातील दुसऱ्या जोडीने दुरून पाहायची सोय होईल. रुग्णाला मुंबईला आणण्यापेक्षा त्याची फाइल मुंबईला पाठवणे कितीतरी स्वस्त आहे.

पाचवी, शिकणाऱ्यांचे हात. तरुण फिजिसिस्ट आराखडे स्वतः करून, चुकून आणि पुन्हा करून शिकतात. ते काम सगळेच यंत्राकडे गेले, तर दहा वर्षांनी यंत्राची चूक ओळखणारे कोण उरेल? प्रशिक्षणात हाताने आराखडा करणे सक्तीचेच राहायला हवे.

रुग्ण आणि घरच्यांनीही काही साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. मला आत्ता उपचारांची गरज आहे, की लक्ष ठेवून चालेल? पाच किंवा वीस सत्रांचा पर्याय मला लागू आहे का? आराखडा कुणी केला आणि कोणत्या डॉक्टरांनी तो पाहिला? तो दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळला का? खुब्यात सांधा बसवलेला असेल, तर तो आराखडा करताना लक्षात घेतला आहे ना? हे प्रश्न म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे दोन मिनिटांत आणि मराठीत देऊ शकतो. संगणकाने त्याचे कित्येक तास वाचवले असतील, तर त्यातली ही दोन मिनिटे रुग्णाच्या हक्काची आहेत.